आईच्या कपाळाचा अहवाल

माझ्या आईच्या कपाळाबद्दल सरकारी कागदावर दोन ओळी लिहिलेल्या आहेत. "गृहभेटीच्या वेळी सदर महिलेच्या कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र व हातात काचेच्या बांगड्या आढळून आल्या. पुनर्विवाह झाला असल्याची शक्यता नाकारता येत नाही." खाली सही आणि शिक्का. ज्यांनी ते लिहिलं त्यांना मी बरेच दिवस शिव्या दिल्या. पण ते कुंकू तिथे होतं ते माझ्यामुळे, आणि हे मला आधी सांगितलं पाहिजे.

बाबा चिखलीच्या एका छापखान्यात मशीनवर कामाला होते. आमचं गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर. संध्याकाळी घरी येताना ते बिघडलेल्या प्रती घेऊन यायचे. शाई फुटलेल्या, कोपरा दुमडून छापलेल्या, एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि छापलेली बाजू वाचायची. हुंडाबंदी, दारूबंदी, मोर्चाला चला, आमच्याच उमेदवाराला निवडून द्या, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. आमच्या घरात पुस्तकं म्हणजे शाळेची तेवढीच. जगात काय चाललंय ते मला पत्रकांतून कळलं. पत्रकाची भाषा मला लहानपणापासून पटते. तिच्यात 'कदाचित' नसतं.

बारावीनंतर मी त्याच छापखान्यात कॉम्प्युटरवर टाइपिंगला लागले. बी.ए. बाहेरून करत होते. लग्नपत्रिका टाइप करायची, वाढदिवसाचे बॅनर करायची, आणि कोणी चळवळीचा मजकूर घेऊन आलं तर त्याच्या चुका दुरुस्त करता करता चार वाक्यं माझीही घालायची. कोणी हरकत घेतली नाही.

मग आमच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव झाला. नवरा वारला तरी बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. सरपंचांनी मला बोलावून पत्रक लिहायला सांगितलं. मी एका बैठकीत लिहिलं. त्यातली एक ओळ मोठ्या टाइपात घेतली होती: नवरा मेला म्हणून बाईचं कपाळ मरत नाही. बाबांनीच ते मशीनवर काढलं. पहिली प्रत उजेडात धरून वाचली आणि म्हणाले, "जोरदार आहे. पन ज्याच्या घरी मरण होईन त्याले तवा हे वाचाचं सुचीन का?"

मी म्हटलं, "मी वाचून दाखवीन."

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, बाबा गेले. कावीळ झाली होती. आधी गावठी औषध घेतलं, मग चिखलीचा दवाखाना, मग अकोला. सोळाव्या दिवशी आम्ही त्यांना गाडीतून परत आणलं.

दहाव्याला नदीवर गावातल्या पंधरा-वीस बाया होत्या. नदीत पाणी नव्हतं, एका डबक्यात होतं तेवढंच. मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, सगळं तयारीने घेऊन आली होती. तिने एक सपाट दगड शोधून ठेवला आणि आईला म्हणाली, "बस व माय खाली. हात इकडे कर."

मी मध्ये उभी राहिले. "कोणी हात लावायचा नाही."

"हे पोट्टी पागल झाली का?"

"ठराव झाला आहे मोठीमाय. सगळ्या गावाने हात वर केला होता. तुम्हीसुद्धा केला होता."

"केला होता ना. पंचायतीत केला होता, पंचायतीत राहू दे. मरण घरचं असते बाई."

मी बोलले. काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण ते पत्रकातलंच होतं. तोंडपाठ होतं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "शिकेल-सवरेल पोट्टी आहे बाप्पा, राहू द्या. उद्या मायले थेच पाहीन." मोठीमायने दगड पायाने ढकलून दिला आणि आपल्या पदराला हात पुसले. आई या सगळ्यात खाली मान घालून बसली होती. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजले. चळवळीतल्या लोकांची ही जुनी खोड आहे. समोरचा गप्प बसला की आपण तो आपल्या बाजूचा धरतो.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस मीच रोज सकाळी तिला कुंकू लावलं. ती डोळे मिटून बसायची.

तेरवीला मामा आले. त्यांची पिंपळगाव राजाला थोडी बागायत आहे. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. जेवणं झाल्यावर ते आईला म्हणाले, "बाई, लहानीले मी घेऊन जातो."

लहानी म्हणजे माझी बहीण. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आठवीत. शाळा चिखलीला, मुलींना बस फुकट, त्यामुळे तिच्या शाळेचा तसा मोठा खर्च नव्हता. अडचण वेगळी होती. बाबा होते तेव्हा आई गावातल्या गावात अर्ध्या दिवसाचं निंदण-खुरपण करायची आणि दुपारी घरी असायची. आता तिला मजुरांच्या गाडीतून लांबच्या शेतांवर जावं लागणार होतं. सकाळी अंधारात निघायचं, दिवेलागणीला यायचं. मीही दिवसभर छापखान्यात. पोरगी शाळेतून आली की घराला कुलूप.

"वयात आलेली पोट्टी दिवसभर एकटी ठेवता का?" मामा म्हणाले. "आमच्या इथं दोन पोरी आहेत, तिसरी ही. शाळाही शिकीन, हाताखालीही राहीन."

हाताखाली म्हणजे काय ते आम्हा तिघींना माहीत होतं. मामांच्या मोठ्या मुलीने आठवीनंतर शाळा सोडली होती. सोडली असं म्हणायचं. मिरचीच्या तोड्याला माणूस मिळत नाही म्हणून तिला आधी सोमवारी घरी ठेवलं, मग सोमवार-मंगळवार, मग वर्गशिक्षकांनी हजेरीतून नाव काढलं.

बहिणीने चुलीजवळ मला गाठलं. "मी नाही जात. मामी मले पाहुणी म्हनते अन् भांडे घासाले लावते."

शाळेतल्या एका मॅडमनी तेव्हा बालसंगोपन योजनेचं सांगितलं. वडील किंवा आई वारलेल्या मुलांना शासन दर महिन्याला काही रक्कम देतं, अठराव्या वर्षापर्यंत. ती मिळाली असती तर आईला लांबच्या गाडीवर जायची गरज नव्हती. ती पूर्वीसारखं गावातलं अर्ध्या दिवसाचं काम धरू शकली असती आणि बहीण शाळेतून आली की घर उघडं असतं. मी मामांसमोर हे मांडलं. मामा वाईट नव्हते. हिशेबी होते.

"सुरू झालं तं आपली काही ना नाही," ते म्हणाले. "पन जूनपर्यंत वाट पाहीन. शाळा लागायच्या आधी आदेश हातात नसला तं मी येतो अन् घेऊन जातो. मंग रडारड नाही पाहिजे."

मी अर्ज भरला. मृत्यूचा दाखला, रहिवासी, उत्पन्न, शाळेचं बोनाफाईड, आईचं बँक पासबुक, आणि घरासमोर आईसोबत मुलीचा फोटो. एकही कागद कमी नव्हता. असल्या कामात मला माझ्याबद्दल गर्व होता.

एप्रिलमध्ये चौकशीचे साहेब आले. मोटारसायकलवरून एकटेच. हेल्मेट ओट्यावर ठेवलं, पाणी मागितलं, बहिणीला एकोणीसचा पाढा विचारला. तिने म्हणून दाखवला. साहेब हसले. मला बरं वाटलं होतं. मग त्यांनी आईला आणि बहिणीला दारासमोर उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला, फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा आईकडे पाहिलं.

"अर्जदार कोण?"

"हीच. आई आहे," मी म्हटलं.

"मयत यांचेच मालक ना?"

आईने मान हलवली.

"मग हे?" त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं.

आई बोलणार होती. तिचं तोंड उघडलेलं मला अजून दिसतं. पण मी तिच्या आधी सुरू झाले. ठरावाची प्रत आणली, पत्रक आणलं, विधवा प्रथा बंदीचं शासनाचं परिपत्रक मोबाइलवर काढून दाखवलं. बाईच्या अंगावरच्या खुणांवरून तिचं जगणं मोजणारे तुम्ही कोण, असंही म्हणाले. साहेबांनी पत्रक पूर्ण वाचलं.

"कोणी लिहिलं?"

"मी."

"चांगलं लिहिलं." त्यांनी घडी घालून परत दिलं. "पण मॅडम, ठराव गावाचा आहे आणि अहवाल मला लिहायचा आहे. उद्या वरून विचारलं की फोटोत सवाष्ण दिसून राहिली, तर मी काय तुमचं पत्रक जोडू?"

"जोडा."

"त्याले रकाना नाही."

जाता जाता त्यांनी समोरच्या घरातल्या बाईला विचारलं. अर्जदार बाई इथेच राहतात का, कशा आहेत. ती बाई आमच्या वाईटावर नव्हती. बाबा आजारी असताना तिने दोन वेळा भाकरी आणून दिल्या होत्या. ती दारात उभी राहून हसत म्हणाली, "बाई चांगली आहे साहेब. आता कुंकू कोनाच्या नावाचं हाय, थे तिलेच माहीत."

मी जाब विचारला तेव्हा म्हणाली, "काव माय, मजाक केली मी."

मे महिन्यात पत्र आलं: त्रुटी आहे, कार्यालयात संपर्क साधावा. मी सुटी टाकून बुलडाण्याला गेले. उन्हाने डांबर चप्पलला चिकटत होतं. कार्यालयात एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी फाइल काढली आणि ती दोन ओळींची जागा मला बोटाने दाखवली. मी उभ्याउभ्या तीनदा वाचली.

"मॅडम, मी योजनेचा शासननिर्णय पूर्ण वाचला आहे," मी म्हटलं. "त्यात कुठे लिहिलंय की विधवेने कुंकू लावू नये?"

"कुठंच नाही लिहिलं. लिहिलं असतं तर सरळ नामंजूर केलं असतं. लिहिलं नाही म्हणून दाखला मागितला."

"कसला दाखला?"

"पुनर्विवाह केला नसल्याचा. पाच पंचांच्या सह्या, सरपंचाचा शिक्का. आणि फोटो नवीन आणा."

"फोटो नवीन कशाला?"

त्यांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "बाळ, मी पण तेरा वर्षं झाली अशीच आहे. टिकली लावते, तुला दिसते आहे. पण माझा पगार कोणाच्या फोटोवर अवलंबून नाही. तुझ्या बहिणीचे पैसे आहेत. आण नवीन फोटो."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावरच चिडले होते. स्वतः टिकली लावून मला हे सांगतात. आता तसं वाटत नाही.

सरपंचांना बसमधूनच फोन करून दाखल्याचं सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. माझं पत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून होतं, ठरावाच्या दिवशीच्या फोटोशेजारी, काचेत. सरपंचांनी चहा मागवला.

"शिक्का मी आत्ता मारून देतो," ते म्हणाले. "पन पंच? पाच जन लागतात. तिघाइले मी विचारलं. ते म्हणतात, आम्ही कशावर सही कराची? बाई रोज कुंकू लावून गाडीत बसते. उद्या काही निघालं तं आमचं नाव येईन."

"काय निघणार?"

"निघणार काही नाही. मले माहीत आहे. लोकाइचं तोंड आहे."

"ठराव तुमच्याच सहीने झाला. पेपरात फोटो तुमचा आला."

सरपंच चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "आला ना. अन् आजही त्या ठरावावर मी कायम आहे. पन ठराव म्हनते, जबरदस्ती करू नका. पंचावर सहीची जबरदस्ती कशी करू? तू असं कर, मायले एक दिवस घेऊन ये. साध्या वेशात. पंचाइले दिसलं म्हणजे झालं."

"साधा वेश म्हणजे?"

"तुले समजते."

घरी येऊन मी तक्रार लिहायला बसले. जिल्हाधिकाऱ्यांना एक, महिला आयोगाला एक, आणि एक पत्रक, ज्याचा मथळा मी बसमध्येच ठरवला होता. आई तेवढ्यात गाडीतून उतरून आली. पाय धुतले, तोंड धुतलं. ओल्या हातानेच माझ्यासमोर बसली आणि कागदाकडे न पाहता म्हणाली, "किती दिवस लागतीन?"

"कशाला?"

"तुह्या या तक्रारीले."

"महिना, दोन महिने. पण निकाल लागला तर सगळ्या बायकांचा प्रश्न सुटेल माय. एकट्या तुझा नाही."

"जून कवा लागते?"

त्या दिवशी मेची बावीस तारीख होती.

"मले इचारलं का कोणी?" आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "नदीवर मोठीनं हात धरला, तवा तिनं नाही इचारलं. तू सोडवला, तवा तू नाही इचारलं. साहेबानं तुह्याकडे पाहून इचारलं. मले त्या दिवशी कुंकू नको होतं. आरशात पाहिलं का वाटे, मानूस मेला अन् मी नटून बसली. तुह्या हट्टासाठी लावलं. आठ दिवस, पंधरा दिवस. मंग सवय झाली. आता मले बरं वाटते. गाडीत बाया बोलतात त्या बोलतात, पन सकाळी लावलं का वाटते मी हाय. आता मले लावायचं हाय, अन् आता तुम्ही सगळे म्हनता काढ."

"मी नाही म्हणत काढ," मी म्हटलं.

"हाव. तू म्हणत नाही. तू तक्रार कर म्हनते. अन् लहानी मिरच्या तोडाले जाते."

बहीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, "माय, मी जाईन मामाकडे. एक वर्ष काय होते."

"तू चूप बस," आई म्हणाली. तिला एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. सकाळी मला उठायला उशीर झाला तोवर तिने अंघोळ करून फिकट लुगडं नेसलं होतं. कपाळ धुतलेलं, गळा आणि हात मोकळे. काचेच्या बांगड्या तिने फोडल्या नव्हत्या. साबण लावून एकेक उतरवल्या होत्या आणि ताटलीत ठेवल्या होत्या. मला म्हणाली, "चाल. तुहे कागद घे."

ग्रामपंचायतीत पाच जण खुर्च्यांवर बसले होते. आईला कोणी बस म्हणालं नाही, किंवा म्हणालं असेल तर ती बसली नाही. ती उभी होती आणि तिच्या डोक्यामागे भिंतीवर माझं पत्रक होतं. मोठ्या टाइपातली ओळ तिच्या पदराने अर्धी झाकली होती. एका म्हाताऱ्या पंचाने, बाबांच्या लहानपणच्या सोबत्याने, पेन उघडून विचारलं, "बाई, तसं काही नाही ना?"

"नाही," आई म्हणाली.

सह्या व्हायला पाच मिनिटं लागली नसतील. तीन महिने ज्यांना शंका होती त्यांची शंका एक ओला टॉवेल कपाळावरून फिरला आणि मिटली. त्यांना बाईची माहिती नको होती. तिची चाल, तिचं घर, तिच्या मुली, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांना खूण हवी होती. शासनालाही खूणच हवी होती. आणि मी? मीही नदीवर एका खुणेसाठीच भांडले होते. हे मला तिथे, त्या खोलीत, शिक्क्याचा आवाज झाला तेव्हा कळलं, आणि मला ते आवडलं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही. लावणं आणि पुसणं एकाच मापाचं नाही, असं मी आजही भांडून सांगेन. पण ज्या बाईचं कपाळ होतं तिला दोन्ही वेळेला कोणी विचारलं नाही, हे खरं आहे.

मग फोटो राहिला. दारासमोर दोघींना उभं करून मी मोबाइल धरला. उन्हात काम करून आईचा चेहरा काळवंडला होता, पण कुंकवाच्या जागी एक गोल उजळ राहिला होता. फोटोत तो स्पष्ट दिसत होता. कुंकू असतं त्यापेक्षा जास्त.

"हे तं चंद्रासारखं दिसून राह्यलं," बहीण म्हणाली. तिने घरातून पावडर आणली, आईच्या कपाळभर लावली, मग गाल राहिले म्हणून गालांनाही लावली. आईने मोबाइलमध्ये पाहिलं. "बाप्पा! भूत दिसून राह्यली मी." आम्ही तिघी हसलो. बाबा गेल्यावर पहिल्यांदा इतक्या हसलो. मग मी तिला तोंड धुवायला लावलं, बहिणीने तव्यामागची किंचित काजळी बोटाने घेऊन त्या गोलावर घासली आणि फोटो जमला. तोच फोटो मंजूर झाला. शासनाच्या फाइलमध्ये माझी आई कपाळाला काजळी लावून विधवा आहे.

आदेश जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा लागायच्या आधी आला. मामा दोन दिवसांनी आले, सोबत बहिणीच्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी. मी त्यांना कागद दिला. त्यांनी तो खालपर्यंत वाचला, शब्द मोडला नाही. "ठीक आहे. मंग राहू द्या." चहा घेता घेता आईकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे, आणि प्रेमाने म्हणाले, "हां. आता बरी दिसते तू."

आईने त्यांच्या हातातला कप घेतला. त्यात अजून अर्धा चहा होता.

बहीण नववीत गेली. आईने लांबची गाडी सोडली, गावातलं काम धरलं. शाळेतून आलं की घर उघडं असतं. आम्हाला जे हवं होतं ते मिळालं आणि मी ते कमी लेखत नाही. मामांच्या मोठ्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं, त्या लग्नात मी तिचे हात पाहिले आहेत. पण दरवर्षी फेरचौकशी असते. नवा फोटो लागतो, चौकशीचे साहेब कधी येतील ते सांगून येत नाहीत. त्यामुळे आई कुंकू लावत नाही. सणाला नाही, लग्नाला नाही. मी तक्रार पाठवली होती. तिचं उत्तर आलं की आपला अर्ज संबंधित कार्यालयाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे. संबंधित कार्यालय म्हणजे तेच, जिथे फाइल आहे. मी पाठपुरावा केला नाही. बहिणीची फाइल तिथे होती.

माझ्यासारख्या मुलीने असं लिहिणं लाजिरवाणं आहे. लिहिते आहे.

या वर्षी मागच्या गल्लीतला एक जण चिखलीच्या बाजारात पोती उचलताना छातीत कळ येऊन गेला. त्याच्या बायकोला दोन मुली, एक सात वर्षांची, एक चार. दहावं झाल्यावर ती आमच्याकडे आली, अर्ज भरून घ्यायला. आता गावातले बरेच जण असे अर्ज माझ्याकडून भरून घेतात. तिच्या कपाळाला कुंकू होतं. मी तिच्या नदीवर गेले नव्हते. तिचं तिनेच बायांना सांगितलं होतं, मले पुसायचं नाही.

मी कागद पाहिले. सगळे होते. मग मी तिला म्हटलं, "फोटोपुरतं काढ. चौकशी झाली की परत लाव."

हे मी म्हणाले. ज्या तोंडाने पत्रक म्हणायची त्याच तोंडाने.

आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. सुपावरून नजर न काढता तिने विचारलं, "काऊन काढीन थे?"

"माय, तुला माहीत आहे काऊन."

"मले माहीत आहे, म्हणून तं इचारते." मग त्या बाईला म्हणाली, "बाई, तुले लावायचं आहे का? तुले. हिले नाही, सासूले नाही."

"हाव," ती म्हणाली.

"मंग तसाच फोटो काढ. अन् तू," हे मला, "थो पंचाचा दाखला आधीच जोडून टाक. त्रुटीची वाट काऊन पाहते? पाच लागतात ना? पयली सही माही घे."

ती घुटमळली. "काकू, पन तुमच्या लहानीचं काही…"

"लहानीची दहावी आहे औंदा. अजून तीन-चार वर्षं मी अशीच राहीन, मले काही नाही होत. तू आपलं पाह्य."

मी त्यांच्या दारासमोर फोटो काढला. मधे ती, दोन्ही बाजूंना मुली, धाकटी कॅमेऱ्याकडे न पाहता शेजारच्या बकरीकडे पाहत होती. दाखल्याचा मजकूर छापखान्यात टाइप केला. पंच क्रमांक एकसमोर माझ्या आईने सही केली. ती सातवी शिकलेली आहे, सही हळू करते, प्रत्येक अक्षर वेगळं काढते.

चार सह्या बाकी आहेत. काल तीन घरं झाली. एकाने विचार करून सांगतो म्हटलं, एकाने मुलगा आल्यावर ये म्हटलं, आणि एक जण घरात असून नाही असं त्याच्या नातीने दारातून सांगितलं. आज कामावरून आले की पुढच्या गल्लीत जायचं आहे. आई म्हणाली, मी येते संगं.